तगर कुठे होते? एकशे तेरा वर्षांचा वाद

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला. शिवकाळाकडे वळण्यापूर्वी त्याने महाराष्ट्राच्या प्राचीन काळासाठी थोडी जागा राखली आहे आणि तिथे एका हरवलेल्या नगराचे नाव येते : तगर. डफच्या अंदाजाने हे नगर बीडच्या थोडे ईशान्येला, गोदावरीच्या काठावर असावे. नकाशावर बीडपासून ईशान्येकडे निघालो की गोदावरी ओलांडताच आपण जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात शिरतो. कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, समर्थ रामदासांचे जांब ही सारी याच पट्ट्यातली गावे. त्या काळच्या एका मान्यवर ग्रंथाने रोमन जगाला ठाऊक असलेले दख्खनचे मोठे शहर जवळजवळ इथेच आणून ठेवले होते. आज तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे शाळेच्या पुस्तकातही असते. पण तिथवर पोचायला विद्वानांना शंभराहून जास्त वर्षे लागली. ती का लागली, हे पाहिले म्हणजे मराठवाड्याच्या मातीत अजून काय दडलेले असू शकते याची कल्पना येते.

तगरचे नाव जगाला कळले ते एका ग्रीक पुस्तिकेमुळे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे तिचे रूढ नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची, तिथे खपणाऱ्या आणि मिळणाऱ्या मालाची व्यवहारी माहिती तिच्यात लिहून ठेवली. लेखकाचे नाव कुणाला ठाऊक नाही. भडोच बंदराचे, म्हणजे त्याच्या बारुगाझाचे, वर्णन तो इतके बारकाईने करतो की तिथे तो स्वतः गेला असावा असे वाटते. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा वेग किती धोक्याचा, राजाच्या नोकरीतले कोळी जहाजांना आत कसे आणतात, हे सगळे तो सांगतो. मग तो दख्खनकडे वळतो आणि तिथल्या दोन बाजारपेठांना विशेष महत्त्वाच्या म्हणतो. पहिली पैठण, भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, फार मोठे नगर. दोन्हीकडचा माल गाड्यांमध्ये भरून, धड रस्ता नसलेल्या लांबच लांब मुलखातून भडोचला आणला जातो. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनारी प्रदेशांतून तिथे जमा झालेला इतर माल येतो.

पैठणहून कोकणचा किनारा जवळ असताना हा माल भडोचपर्यंत का जात होता, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तरही पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण हे पूर्वी मोकळे बंदर होते. पुढे राजसत्ता बदलली आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्यात व्यापाराची वाट वाकली, आणि तगरच्या मलमलीला घाट उतरण्याऐवजी उत्तरेकडचा लांबचा पल्ला गाठावा लागला.

दुसऱ्या शतकातला भूगोलज्ञ टॉलेमी यानेही तगरची नोंद केली आहे. पैठणला तो श्री पुळुमावीची राजधानी म्हणतो आणि तगर जवळच दाखवतो. त्याचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे धरले तर मात्र तगर पैठणच्या ईशान्येला पडते. पण टॉलेमीच्या नकाशात भारताचे द्वीपकल्पच चेपून गेले आहे, दक्षिणेकडचे टोक जवळजवळ नाहीसे झाले आहे. त्याच्या आकड्यांवर विसंबून गाव शोधता येत नाही.

हे दोन परदेशी उल्लेख युरोपातल्या ग्रंथालयांत होतेच. भारतात तगरचा प्रश्न उभा राहिला तो ठाण्यात. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना काही ताम्रपट निघाले. शिलाहार राजा अरिकेसरीचे ते दानपत्र होते, शके 939 चे, म्हणजे इसवी सन 1017 चे. त्यातल्या राजाच्या बिरुदांत तगर नगराचे नाव होते. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ किंवा तशाच अर्थाच्या पदव्यांनी मिरवत. आपले मूळ घराणे तगरचे, हा त्यांचा अभिमान होता. ताम्रपट जनरल कार्नाक यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवले. 1788 साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्यांचे भाषांतर छापले गेले आणि त्याला जोडून लेफ्टनंट फ्रान्सिस विल्फर्ड यांनी तगरवर टिपण लिहिले. त्यांचे उत्तर होते देवगिरी, म्हणजे दौलताबाद.

वादाची सुरुवात इथून झाली. विल्फर्ड यांना ठाण्याचा ताम्रपट आणि ग्रीक मजकूर यांची सांगड घालायची होती, आणि दख्खनमधले त्यांना परिचित असलेले सर्वांत बलाढ्य जुने ठिकाण म्हणजे देवगिरी. पण दौलताबाद पैठणच्या वायव्येला सरळ रेषेत पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. भरलेली बैलगाडीही तिथे तीन-चार दिवसांत पोचते. शिवाय भडोचहून पैठणला निघालेल्या माणसाला पैठणच्या आधीच दौलताबादचा मुलूख लागतो. तरीही हे मत कित्येक वर्षे टिकून राहिले, आणि पुढे जेम्स बर्जेस यांनीही दौलताबादजवळच्याच रोझ्याचे, आजच्या खुलताबादचे, नाव सुचवले. वेरूळ, देवगिरी, खुलताबाद या परिसराचे वैभव डोळ्यांसमोर असताना दुसरीकडे पाहणे अभ्यासकांना जड गेले असावे.

डफचा गोदाकाठ हे त्यामानाने पेरिप्लसला जवळचे उत्तर होते. पैठणहून नदीच्या कडेकडेने पूर्वेला जायचे तर घनसावंगीचा पट्टा लागतोच. पण अंतर फार तर सत्तर-ऐंशी किलोमीटरचे, दहा दिवसांना ते पुरत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की डफने कोणत्याही गावाचे नाव घेतले नाही, कोणत्याही अवशेषाकडे बोट दाखवले नाही. ग्रीक मजकुरातली ‘पूर्व’ आणि महाराष्ट्रातली सर्वांत मोठी नदी यांची त्याने मनाशी जुळणी केली, एवढेच. हेन्री यूल तर थेट गुलबर्ग्यापर्यंत गेले. ते पैठणहून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्याही पुढे आहे.

या वादातला सर्वांत गंभीर प्रयत्न पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा. जुनागडचा हा विद्वान शिलालेख वाचण्यात आपल्या काळात अग्रगण्य होता. 1882 साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला आणि शूर्पारक म्हणजे नालासोपारा हे लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. असा माणूस तगरबद्दल बोलतो तेव्हा ऐकावे लागते. त्यांचे मत जुन्नर. शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांच्या वेढ्यात वसलेले नगर म्हणजे ‘त्रिगिरी’, आणि त्याचे तगर झाले, अशी त्यांची मांडणी होती. जुन्नर सातवाहन काळातले मोठे नगर होते यात शंकाच नाही. नाणेघाटाच्या माथ्याशी ते बसले आहे, त्याच्या भोवतीच्या लेण्यांत व्यापाऱ्यांची, श्रेणींची आणि यवनांचीही दाने कोरलेली आहेत. पैठणपासूनचे अंतरही सरळ रेषेत एकशे साठ किलोमीटरच्या घरात, म्हणजे दहा दिवसांना अगदी योग्य. फक्त ते पश्चिमेला आहे. ग्रीक लेखक पूर्व म्हणतो. पंडितांनी ही दिशा बाजूला ठेवली, आणि तिथेच त्यांच्या मताचा पाया सुटला.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1884 साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात देवगिरी आणि जुन्नर ही दोन्ही मते दिशेच्याच कारणावरून नाकारली. त्यांनी आणखी एक धागा वापरला. हैदराबादला सापडलेल्या सातव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एका चालुक्य दानपत्रात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. हे दान दुसऱ्या पुलकेशीचे, इसवी सन 612 चे. म्हणजे पेरिप्लसनंतर साडेपाचशे वर्षांनीही तगर नांदते गाव होते. त्यामुळे ते कुठे तरी पूर्वेकडे, निजामाच्या मुलखात शोधले पाहिजे असे भांडारकरांनी म्हटले आणि धारूरचे नाव सुचवले. बीड जिल्ह्यातले धारूर पैठणहून आग्नेयेला शंभर किलोमीटरहून थोडे जास्त आहे. आज नकाशा समोर ठेवून पाहिले तर भांडारकर खऱ्या तगरपासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर येऊन थांबले होते! माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत शिस्तबद्ध विचार त्यांचाच होता. मूळ मजकुराला मुरड न घालता त्यांनी शोधाचे क्षेत्र आखले आणि पुढच्या माणसाचे काम सोपे केले.

तो पुढचा माणूस जॉन फेथफुल फ्लीट. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेला, कन्नड आणि संस्कृत कोरीव लेखांचा मोठा जाणकार. 1901 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहून तगर म्हणजे तेर असे सांगितले. त्यांच्या युक्तिवादाची मुख्य बाजू अंतराची होती. पेरिप्लसमध्ये दोन प्रवास आहेत, वीस दिवसांचा आणि दहा दिवसांचा. भडोच ते पैठण हे अंतर सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून व्यापारी गाड्या दिवसाला किती चालत हे निघते, आणि त्याच चालीने दहा दिवसांत पैठणहून कुठे पोचता येते ते पाहायचे. सरळ रेषेत भडोच-पैठण सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पैठण-तेर सुमारे दीडशे. पहिल्या वाटेवर दिवसाला साडेसतरा किलोमीटर पडतात, दुसऱ्या वाटेवर पंधरा. वाटेत गोदावरीचे पात्र आणि बालाघाटाचा चढ आहे हे लक्षात घेतले तर हा मेळ फारच चांगला बसतो. शब्दाची वाटही सोपी होती : तगर, तयर, तेर. यापूर्वीच्या सगळ्या उत्तरांमध्ये नावाची ओढाताण करावी लागत होती, इथे ती लागली नाही. तेर कुणी लपवून ठेवलेले नव्हते. इंग्रजांच्या नकाशांत ते होते, फक्त निजामाच्या राज्यातले तेरणाकाठचे एक खेडे म्हणून होते. वारकऱ्यांना तर ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून शतकानुशतके ठाऊक होते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या गोरा कुंभारांची समाधी तिथेच आहे आणि त्यांच्या नावाने यात्रा भरते.

फ्लीट यांच्या मतातही एक कच्चा दुवा आहे आणि तो झाकू नये. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, तेही दक्षिणेकडे जास्त झुकलेले. मग जुन्नरवर जो आक्षेप घेतला तो इथे का नको? उत्तर असे की पेरिप्लसचा लेखक दिशा ढोबळच सांगतो. पैठण त्याने भडोचच्या दक्षिणेला ठेवले आहे, प्रत्यक्षात तेही आग्नेयेलाच आहे. भडोचच्या धक्क्यावर बसून गाडीवानांच्या तोंडून ऐकलेल्या माहितीत दिशेची एवढी चूक शक्य आहे. पण पूर्वेऐवजी पश्चिम होणे शक्य नाही. आग्नेय आणि पश्चिम यांतला हाच फरक तेरला तारतो आणि जुन्नरला बाद करतो.

एवढ्यावर वाद थांबला असता तर तेर हे आणखी एक हुशार अनुमान ठरले असते. ते तसे ठरले नाही, कारण फ्लीट यांच्यापाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स तेरला जाऊन आले. त्यांचा वृत्तांत खात्याच्या 1902-03 च्या वार्षिक अहवालात आहे. गावाभोवती जुन्या वस्तीची विस्तीर्ण टेकाडे त्यांनी पाहिली. त्रिविक्रमाच्या मंदिरात शिरल्यावर त्यांच्या लक्षात आले की मागचा भाग गजपृष्ठाकार आहे, छप्पर लेण्यांतल्या चैत्यगृहासारखे, आणि सगळे विटांचे. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे महाराष्ट्रात पुष्कळ, पण विटांनी बांधलेले उभे चैत्यगृह म्हणजे अपूर्वाई. भारतात त्याच्या जोडीला आंध्रातल्या चेझर्ल्याच्या कपोतेश्वर मंदिराचेच नाव घेतले जाते. ही वास्तू मूळची बौद्ध की पहिल्यापासून वैष्णव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तिचे प्राचीनत्व मात्र कुणी नाकारत नाही. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखाही अशीच जुन्या काळातून वाचलेली दुर्मीळ चीज आहे.

त्यानंतर पुरावे सगळ्या बाजूंनी येत गेले. हिरालाल जैन यांनी 1934 साली संपादित केलेल्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर नगर आणि त्याच्याजवळची लेणी येतात. ती लेणी म्हणजे धाराशिवची, हे वर्णनावरून ओळखू येते. शिलाहारांच्या बिरुदालाही इथे भूगोल मिळाला. राष्ट्रकूट ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि लत्तलूर म्हणजे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. लातूर आणि तेर यांत सरळ रेषेत जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर आहेत. दख्खनवर आणि कोकणावर राज्य केलेली दोन घराणी आपले मूळ या एवढ्याशा मुलखात सांगत होती, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडली जात नाही.

सर्वांत मोलाची भर मात्र तेरच्याच एका रहिवाशाने घातली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नांगराच्या तासात, पावसाने धुऊन निघालेल्या टेकाडांच्या उतारावर सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या : सातवाहनांची नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या आणि केओलिनच्या नाजूक मूर्ती, रोमन धाटणीचे दिवे आणि पदके. गावात लोकांनी मुलांच्या हाती खेळायला दिलेल्या वस्तू त्यांनी इतिहास म्हणून जपल्या. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 साली तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे पुरातत्त्वज्ञ चापेकर यांनी तेरला केलेल्या उत्खननाचा अहवाल 1969 साली आला. लामतुरे यांचा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात तेरमध्येच आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला हवी. इटलीत पाँपेई इथे 1938 साली अशाच शैलीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि पाँपेई 79 साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेले, म्हणून ती त्याआधीची हे पक्के आहे. पेरिप्लसने सांगितलेला व्यापार खरोखर चालत होता, याचा याहून बोलका पुरावा मागू नये.

आता पुन्हा जालना जिल्ह्याकडे येऊ. तगर इथे नव्हते, हे निकालात निघाले आहे. पण पाँपेईच्या मूर्तीशी नाते सांगणारी दुसरी हस्तिदंती मूर्ती याच जिल्ह्यात सापडली आहे, केळना नदीवरच्या भोकरदनमध्ये. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांसोबत भोगवर्धन हे गाव कोरलेले आहे. ते भोकरदनच. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी 1973 साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. म. के. ढवळीकर यांनी त्या मूर्तीचा अभ्यास करून पाँपेईची मूर्तीही याच भागातली असावी असे मत मांडले. उत्तरेकडून अजिंठ्याच्या रांगेतून उतरून पैठणकडे येणाऱ्या वाटेवर भोकरदन होते, पैठणहून पुढे तेर. या दोन नगरांमध्ये गोदावरीचे खोरे पसरले आहे, आणि माणसे, बैल, मलमलीचे गठ्ठे याच भागातून गेले. वाटेवर मुक्कामाची गावे असणारच. त्यांची नावे ना पेरिप्लसला माहीत होती, ना कुठल्या ताम्रपटाला. ती कळली तर जमिनीतूनच कळतील.

इथेच माझी खरी काळजी आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या गावाला पांढरी असते. शेकडो वर्षांच्या वस्तीने साठलेली ही राखाडी-पांढरट माती पिढ्यान् पिढ्या माळवदावर टाकायला नेली गेली. तेव्हा ती पाटीने आणि गाडीने जायची, आणि उकरताना कुणाला मणी दिसला, नाणे दिसले तर हात थांबायचा. आता ती जेसीबीने निघते, ट्रॅक्टरने शेतात पसरली जाते, आणि दोन हजार वर्षांचे थर एका दुपारी नाहीसे होतात. विल्फर्डपासून फ्लीटपर्यंत, 1788 पासून 1901 पर्यंत, एकशे तेरा वर्षे विद्वान ग्रंथांतून भांडू शकले, कारण तेवढा काळ तेरची टेकाडे जागेवर होती. कझेन्स पोचायच्या आधी ती सपाट झाली असती तर आजही देवगिरी, जुन्नर आणि धारूर यांचीच नावे घेतली जात असती.

म्हणून घनसावंगी, अंबड, परतूर भागातल्या वाचकांना माझे सांगणे आहे. आपल्या गावाची पांढरी उकरू देऊ नका. खापर, मणी, नाणे, मोठ्या आकाराची जुनी वीट सापडली तर ती कुठे आणि किती खोल सापडली हे लिहून ठेवा आणि तहसीलला किंवा राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि हा कायदा आजही लागू आहे.